मांजरीच्या वाटचं दूध

आमच्या घरात बारा वर्षांपासून एक मांजर आहे आणि या बारा वर्षांत ती माझ्या मांडीवर एकदाही बसलेली नाही. माझ्याच कशाला, कोणाच्याच बसली नाही. तिला नाव ठेवलं नाही, कारण हाक मारल्यावर जे येतं त्याला नाव ठेवतात. ही वेळेवर येते, वाटीतलं दूध पिते, मिशा पुसते आणि पाठ फिरवून चालू लागते. लोक आपापल्या मांजरांच्या गोष्टी सांगतात, कशी पायात घोटाळते, कशी पांघरुणात शिरते. मी गप्प ऐकून घेतो. आमची घरात भाडेकरूसारखी राहिली, आणि भाडं कधी दिलं नाही.

फक्त एका दुपारी ती माझ्याकडे आली होती. ते सांगायचं म्हणून बसलोय.

तेव्हा आम्ही दीपनगरला, वीज केंद्राच्या वसाहतीत क्वार्टरमध्ये राहत होतो. चिमणीची बारीक राख सगळीकडे बसायची. सकाळी स्कूटरच्या सीटवर राखेत तिच्या पावलांची रांग उमटलेली असे, म्हणजे रात्री बाईसाहेब इथे मुक्कामाला होत्या हे कळे. बायकोनं तिला गटाराशेजारून उचलून आणली होती, मुठीएवढी असताना. बायको रावेरकडची, केळीवाल्या घरातली. गायी, म्हशी, कुत्री, शेळ्या यांच्यात वाढलेली. क्वार्टरमध्ये आल्यापासून तिला जनावरावाचून करमत नव्हतं. मांजरीनं तिच्याही प्रेमाला काही दाद दिली नाही. पण बायकोला त्याचं काही वाटायचं नाही. म्हणायची, "तिचा सभाव तसा, आपून काय करावं?"

मी बॉयलरच्या दुरुस्तीला होतो. संच बंद ठेवून काम निघालं की माणसं बॉयलरच्या पोटात उतरत. काम संपलं की झाकण लावायच्या आधी आत गेलेली माणसं आणि बाहेर आलेली माणसं मोजायची, मग आत तोंड घालून तीनदा ओरडायचं, "आत कोणी आहे का?" आणि आवाज विरेपर्यंत थांबायचं. मग बॅटरी मारून स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. हे काम माझ्याकडे असे. मी त्यात इतका कडक होतो की पोरं मागून माझी नक्कल करत. साहेब घाई करत असले तरी मी झाकणाला हात लावू देत नसे. तीस वर्षांत माझ्या हातून एकही झाकण न बघता लागलं नाही, आणि याचा मला फार गर्व होता.

मांजर दोनेक वर्षांची झाली तेव्हा फाल्गुन संपता संपता तिला पिल्लं झाली. मागच्या खोलीत वर्षाच्या गव्हाची पत्र्याची कोठी होती, तिच्यामागे. बायकोनं मला ताकीद दिली, "तिकडे जाऊ नका. माणसाचा हात लागला तर मांजर पिल्लं खाऊन टाकते." मी म्हटलं, मला काय हौस आहे. मी गेलोही नाही. चिवचिव ऐकू यायची, तेवढंच.

त्याच आठवड्यात आमच्या मुलीला बघायला धुळ्याचे पाहुणे यायचे होते. स्थळ चांगलं होतं. याआधी दोन ठिकाणी बोलणी मोडली होती, त्यामुळे घरात सगळ्यांचाच जीव टांगणीला. ऊन आत्तापासूनच भाजायला लागलं होतं, तेव्हा पाहुण्यांसाठी कूलर चालू पाहिजे असं ठरलं. आमचा लोखंडी कूलर मागच्या व्हरांड्यात खिडकीला लावलेला होता. दोन दिवस आधी मी त्याच्या जाळ्यांतलं गवत बदललं. एका बाजूच्या जाळीचा स्क्रू हरवला होता, ती नुसती टेकवून ठेवली. म्हटलं, आणू नवीन.

त्या दिवशी दुपारी बायको आणि मुलगी भुसावळला गेल्या होत्या, मिठाई आणायला आणि मुलीचं ब्लाउज शिंप्याकडून घ्यायला. घरात मी एकटा. तीनला नळाला पाणी आलं. मी पाइप घेतला, टेकवलेल्या जाळीच्या फटीतून कूलरमध्ये सारला, नळ सोडला आणि शर्टाला इस्त्री करायला आत गेलो.

तेव्हा ती आली.

आधी दारात उभी राहून ओरडली. मी बघितलं नाही. मग माझ्या पायाशी आली, नडगीला डोकं घासलं, तोंड वर करून परत ओरडली. खरं सांगतो, मला बरं वाटलं. म्हटलं, आज कशी आठवण झाली? भूक लागली असेल म्हणून वाटीत दूध ओतलं. तिनं वाटीकडे पाहिलंसुद्धा नाही. पळत व्हरांड्यात गेली, पुन्हा आली, पुन्हा डोकं घासलं, पुन्हा गेली. चार-पाच वेळा असं झालं. तिचा आवाज बदलत गेला. जाळीवर पंजे टेकून ती उभी राहिलेली मला खिडकीतून दिसली. मला वाटलं, नवीन गवत ओरबाडते आहे. पाहुणे दोन तासांवर आलेले आणि हिचं हे. मी केरसुणी घेऊन बाहेर गेलो आणि पाठीत एक घातली. ती हलली नाही. दुसरी घातली तेव्हा भिंतीवर चढून बसली.

टाकी भरून पाणी फरशीवर आलं. नळ बंद केला. मोटर बघायची म्हणून जाळी बाजूला काढली. पाण्यावर गवताच्या काड्या तरंगत होत्या, आणि त्यांत पिल्लं होती. तीन करडी, एक काळं. चार. डोळे उघडायचेच होते त्यांचे.

मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात. हिनं दुसरं घर कोरड्या कूलरच्या टाकीत केलं होतं.

मी किती वेळ तसा उभा होतो ते आठवत नाही. मग घड्याळ पाहिलं आणि झपाट्यानं हात चालवले, हे मात्र नीट आठवतं. कामावरून आणलेली सुती चिंधी होती, यंत्रं पुसायची. तिच्यात त्यांना गुंडाळलं. कुंपणापाशी खुरप्यानं खड्डा केला. काळं सगळ्यांत वर ठेवलं आणि माती लोटली. मांजर भिंतीवरून सगळं बघत होती. ओरडणं थांबलं होतं तिचं. मग मी टाकी उपसली, फिनाइलनं धुतली, परत भरली आणि कूलर लावून पाहिला. छान चालला.

संध्याकाळी पाहुणे आले. मुलाचे वडील त्या कूलरसमोर बसले आणि म्हणाले, "वा, काय गार वारं शे!" मुलगी चहा घेऊन आली. बोलणी जमली. जाताना त्यांनी मुलीच्या हातात नारळ दिला. माझ्या नखांत माती होती. मी हात मागे धरून नुसती मान लववून नमस्कार केला.

आता तुम्ही म्हणाल, बायकोला त्याच रात्री सांगून का टाकलं नाही? मांजर मारण्याचं पाप आमच्याकडे सोन्याची मांजर काशीला दिल्याशिवाय फिटत नाही म्हणतात. मी असलं मानणारा नाही. पण ज्या दिवशी लेकीचं जमलं त्याच दिवशी बापाच्या हातून चार जीव गेले, हे बायकोनं कसं घेतलं असतं? लग्नाच्या मांडवातही तिला तेच दिसलं असतं. हे झालं सांगायचं कारण. खरं कारण दुसरंच होतं. तीस वर्षं मी लोकांना बघा, मोजा, ओरडा म्हणून छळलं होतं, आणि माझ्या घरातल्या टाकीत मी डोकावलो नव्हतो. हे मला कोणालाच कळू द्यायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी बायकोनं कोठीमागे पाहिलं आणि म्हणाली, पिल्लं दिसत नाहीत. मी पेपरातून डोकं वर न काढता म्हटलं, "नेली असतील सात घरं फिरवायला."

मांजर सहा दिवस आली नाही. सातव्या दिवशी आली ती एकटीच, पोट आत गेलेली. बायको दारात बसून तिच्यामागे पिल्लांची वाट बघत राहिली.

शेजारच्या क्वार्टरमध्ये धुळ्याकडची एक बाई राहायची. बायको मागच्या अंगणात तिला हलक्या आवाजात काहीतरी सांगत होती आणि मी मोरीत दाढी करत होतो. बायको म्हणाली, एकदा राहवलं नाही, एक पिल्लू पदरात घेतलं होतं. त्यावर ती बाई म्हणाली, "अक्का, तुम्हना हात लागना ना! मंग खाई टाकं व्हई तिनी. बठ्ठा पिल्ला खाई टाकस मांजर." सगळी पिल्लं गेली ती बायकोच्या हातामुळे, असं तिचं म्हणणं. माझ्या हातात वस्तरा तसाच राहिला. पाच पावलं जायचं होतं आणि एक वाक्य बोलायचं होतं. मी तोंड धुतलं आणि ड्युटीवर गेलो.

त्यानंतर काही दिवसांनी लक्षात आलं की बायको कोरा चहा पिते. मी विचारलं तर म्हणाली, दूध पचत नाही. तिच्या चहापुरतं दूध ती मांजरीच्या वाटीत ओतायची. घरात दूध कमी होतं असं नाही. दुसऱ्या पिशवीतलं घातलं असतं तरी चाललं असतं. पण नाही, आपल्या वाटचंच. दही सोडलं, ताक सोडलं, दिवाळीला बासुंदी करायची आणि बोट लावायची नाही. मी चेष्टा करायचो, "काय गं, मांजरीची सून झालीस काय?" ती हसायची. मला सगळं कळत होतं आणि तरी मी चेष्टा करत होतो. स्वतःला शिव्या द्याव्यात तर मराठीत पुरेशा नाहीत.

मुलीचं लग्न झालं. धुळ्याला सुखात आहे. पण पहिल्या दोन खेपांना तिचा गर्भ पडला. दुसऱ्यांदा बातमी आली तेव्हा बायको स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी आत गेलो तर मांजरीसमोर जमिनीवर बसून होती. मांजर दूध पीत होती आणि ही तिला हात जोडून म्हणत होती, "माह्यावर काढ काय काढायचं ते. पोरीवर नको काढू." मी उंबऱ्यावरून मागे फिरलो. तिसऱ्या खेपेला नात झाली, गुटगुटीत. मला वाटलं, आता सुटलं. पण बायकोनं दूध घेतलं नाही ते नाहीच.

मी निवृत्त झालो आणि आम्ही रावेरला घर केलं. सामानाचा ट्रक भरला तेव्हा मी म्हटलं, मांजरीला इथेच राहू दे, तिला माणूस लागत नाही, जागा लागते. मनात होतं, साक्षीदार इथेच सुटला तर बरं. बायको माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. शेवटी केळी भरायच्या कॅरेटमध्ये मांजर घातली, वरून जुनं लुगडं बांधलं आणि ती स्वतः ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी कॅरेट मांडीवर घेऊन बसली. तिच्या मांडीवर ती मांजर तेवढीच बसली, तीही कॅरेटमध्ये.

रावेरच्या घरातही तिनं आपली रीत सोडली नाही. नवीन कूलर आणला. मी पाणी सोडायच्या आधी बॅटरी घेऊन आत बघायचो, जाळ्या काढून, टाकीचे चारही कोपरे. बायकोला वाटायचं, कामावरची सवय. नळाचा आवाज आला की मांजर जिथे असेल तिथून उठायची आणि आवाराबाहेर जायची. टाकी भरेपर्यंत परत यायची नाही. बायको म्हणायची, "पान्याले भेते." मी म्हणायचो, "मांजरं भितातच."

गेल्या वर्षी बायकोच्या पोटात गाठ निघाली. जळगावच्या डॉक्टरांनी एक ऑपरेशन केलं, मग दुसऱ्यांदा पोट उघडून तसंच शिवलं आणि मला बाजूला घेऊन घरी न्या म्हणाले. यंदाचा चैत्र सुरू होता. पुढच्या खोलीत खाट टाकली. चहा मी करायला लागलो. तिचा कोरा, माझा दुधाचा. तिच्या वाटचं दूध मांजरीच्या वाटीत मीच ओतायचो. तिनं तसं बजावलंच होतं.

एका दुपारी ती म्हणाली, "तुम्हाले एक सांगायचं व्हतं. रागावू नका. दीपनगरले त्या पिल्लांले मी हात लावला व्हता. तुम्हाले नको म्हनलं अन् मीच लावला. एक काळं व्हतं, ते पदरात घेतलं. म्हनून तिनं खाऊन टाकले. माह्या हातून पाप झालं, अन् ते पोरीले भोवलं."

दहा वर्षं मी त्या वाक्याला टाळत होतो, ते असं समोर आलं. मी खाटेच्या कडेला बसलो आणि सगळं सांगितलं. जाळी, पाइप, इस्त्री, केरसुणी, खड्डा. काही लपवलं नाही. सांगताना रडलो. मला वाटत होतं, एवढं सांगितलं की तिच्या छातीवरचा धोंडा उतरेल. माझ्यावर चिडली तर चिडू दे. चिडायलाच हवं होतं.

ती छताकडे बघत पडून राहिली. मग म्हणाली, "म्हनजे मी हात लावला म्हनूनच तिनं जागा बदलली. नसता लावला तं कोठीमांगेच राह्यली असती."

मी म्हटलं, "अगं, तसं नाही. मी बघायला पाहिजे होतं. माझं कामच होतं ते."

"तुम्ही तं पानी भरलं," ती म्हणाली. "घरात पानी भरतातच."

तिनं मला एका वाक्यात मोकळं केलं आणि सगळं परत आपल्या अंगावर ओढून घेतलं.  आधी पिल्लं मांजरीनं खाल्ली होती, आता ती बायकोनंच पाण्यात लोटल्यासारखं झालं. माझ्या खरेपणानं तिचं ओझं वाढवून ठेवलं. वस्तरा हातात होता त्या सकाळी बोललो असतो तर तिला त्यातून बाहेर यायला दहा वर्षं मिळाली असती. आता मोजके दिवस उरले होते.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "किती व्हते आत?"

"तीन," मी म्हटलं. का म्हटलं, सांगता येत नाही. मोजण्यात ज्याची हयात गेली तो माणूस मी. अपराधातून एक तरी कमी करावा असं वाटलं असेल.

तिनं मान माझ्याकडे वळवली. "चार व्हते. मी मोजले व्हते."

"चार होते," मी म्हटलं. "चौथं तिच्या तोंडात होतं. भिंतीवरून पलीकडे घेऊन गेली. मी पाहिलं."

"कोणतं व्हतं?"

"काळं."

"तेच? मी घेतलं व्हतं ते?"

"तेच. ते जगलं. म्हणून तर सहा दिवस आली नाही ती. दुसरीकडे ठेवून आली कुठेतरी."

ती माझ्याकडे बघत राहिली. आजारानं तिचे डोळे फार मोठे दिसायचे. मी नजर हलवली नाही. बॉयलरमध्ये ओरडल्यावर आवाज विरेपर्यंत थांबायचो, तसा थांबलो.

"खरं सांगू राह्यले ना?"

"खरं."

मग ती परत छताकडे वळली. डोळे मिटून पडली. चारला मी चहा केला. तिचा कोरा कप तिच्या हातात दिला. तिनं तो ओठापर्यंत नेला आणि खाली आणला. "यात थोडं दूध घाला," ती म्हणाली.

मी स्वयंपाकघरात गेलो. दुधाचं पातेलंच घेऊन आलो आणि तिच्या कपात घातलं. तिनं चहा प्यायला, अर्धा कप, बशीत ओतून, लहानपणी प्यायची तसा फुंकर मारून. म्हणाली, "काय गोड लागतो." त्यानंतर ती अकरा दिवस होती आणि अकराही दिवस तिनं दुधाचा चहा घेतला. धुळ्याहून मुलगी आली होती, ती म्हणाली, "आईला दूध पचायला लागलं बाबा, बरी होते आहे वाटतं." मी हो म्हटलं.

आता घरात मी आणि मांजर. तिचं वय झालं आहे, एका डोळ्यावर पांढरा पडदा आला आहे. नळाचा आवाज आला की अजूनही उठते आणि हळूहळू बाहेर जाते. मी अजूनही टाकीत बॅटरी मारून बघतो. सकाळी चहा करतो तेव्हा माझ्या वाटचं दूध तिच्या वाटीत ओततो. ती येते, पिते, मिशा पुसते आणि माझ्याकडे न बघता जाते. मी ओट्याशी उभा राहून कोरा चहा पितो.